तीन दिवसांची वाटी

गायकेबाई आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी पाणी मागितलं. मी स्वयंपाकघराकडं वळले, तर त्या मागोमाग आत आल्या आणि मी पेला शोधेपर्यंत फ्रीजचं दार उघडून उभ्या राहिल्या. पाण्याची बाटली दारातच होती. तिला त्यांनी हातही लावला नाही. वरच्या कप्प्यापासून खालच्या भाजीच्या टोपलीपर्यंत सावकाश नजर फिरवली आणि विचारलं, "हे मटण कव्हाचं?"

मी म्हटलं, रविवारचं.

"आन् आज काय हाय?"

आज गुरुवार होता, हे त्यांनाही माहीत होतं. गारखेड्यातल्या त्या इमारतीत राहायला येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. समोरच्याच दारातली शेजारीण, वयानं मोठी, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, चष्म्याला काळी दोरी. अशा बाईशी पहिल्याच भेटीत वाजायला नको म्हणून मी हसून म्हटलं, "मुरलेलं मटण जास्त चांगलं लागतं हो."

"मुरतं ते दुसऱ्या दिवशी," बाई म्हणाल्या. "पाचव्या दिवशी ते मानसाला मुरवतं."

पातेलं ओट्यावर आलं. त्याच्यामागून सोमवारचं वरण आलं, काळी पडलेली कणीक आली, अर्धं लिंबू आलं, आणि तळाशी एक गाठ मारलेली पिशवी निघाली. "ह्यात काय हाय?" असं त्यांनी विचारलं, तर मला सांगता येईना. माझ्याच घरातली पिशवी, मीच बांधलेली. बाईंनी ती न उघडता बाजूला ठेवली. मग स्वतःच्या हातानं बाटलीतलं पाणी ओतून घेतलं, उभ्यानं प्यायल्या, "घर झ्याक हाय" म्हणाल्या आणि गेल्या. त्या संध्याकाळी आमच्या घरात जेवायला काहीही नव्हतं.

मी जाम चिडले होते. आमचे हे म्हणाले, "अगं, काळजीनं करतात." ह्यांना मधुमेह आहे, त्यामुळं दुसऱ्याच्या ताटातलं काही फेकलं गेलं की ह्यांना फार मोठेपणा येतो.

मग हळूहळू कळत गेलं. गायकेबाई मूळच्या फुलंब्रीकडच्या. नवरा लवकर गेला. पैठण रस्त्यावर चितेगावच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भाकरी थापायला म्हणून लागल्या आणि मुकादम होऊन निवृत्त झाल्या. पाळीला तीनशे माणूस जेवायचं. त्या कँटीनचा एक नियम होता. रोज जे जे शिजेल त्याची एकेक वाटी झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवायची. वाटीवर चिकटपट्टी, तिच्यावर पदार्थ, कुणी केला, किती वाजता उतरवला, किती वाजता वाटी भरली. तीन दिवस वाटी ठेवायची. कुणाचं पोट बिघडलं तर त्या वाटीतला नमुना तपासायला जायचा. कुणाचं काही झालं नाही तर चौथ्या दिवशी वाटी धुवायची आणि तिच्यात नवा नमुना भरायचा.

आता निवृत्त झाल्यावर माणूस काय काय सोडतो. पहाटेची बस सोडतो, साहेबाला नमस्कार सोडतो. बाईंनी हे सगळं सोडलं, फक्त वाट्या सोडल्या नाहीत. निरोपसमारंभात त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं. लोक असलं घड्याळ बैठकीत लावतात, बाईंनी ते फ्रीजच्या वर लावलं. मुलगा पुण्याला. घरात एकटी बाई, आमटी करणार दोन वाट्या, आणि त्यातली एक जाणार नमुन्याला. जेवायची एक, पुराव्याची एक. स्वतःच्या जेवणाबद्दल स्वतःकडंच तक्रार करायची वेळ आली तर कागदपत्रं तयार.

आमच्याकडं पहिल्या वर्षी महालक्ष्म्या बसल्या तेव्हा मी त्यांना सवाष्णींच्या पंगतीआधी मदतीला बोलावलं. माझी चूक. आरती सुरू झाली, सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि स्वयंपाकघरातून झाकणांचा टक्-टक् आवाज. सोळा भाज्यांच्या सोळा वाट्या भरून ओट्यावर रांगेनं मांडलेल्या. मी दबक्या आवाजात म्हटलं, "बाई, एका वाटीत थोडं थोडं घेतलं असतं तर?"

"मिसळलं तर भोपळ्यानं केलं का गवारीनं, कसं कळायचं?" त्या म्हणाल्या.

देवीच्या नैवेद्यानं कुणाला काही होत नाही, असं माझ्या सासूबाई तिथूनच ऐकू जाईल असं बोलल्या. बाई म्हणाल्या, "देवीला नाय होत. मी मानसांचं म्हनते." सासूबाई त्यानंतर दोन वर्षं त्यांच्याशी बोलल्या नाहीत. बाईंच्या ते लक्षातही आलं नाही.

त्यांचं बोलणं असं तुकड्यातुकड्यांचं आणि त्यावर अपील नाही. भात एक दिवस. वरण, भाजी दोन, लई तर तीन. मटण शिजवलेलं तीनच्या पुढं नाय. गरम करायचं ते एकदाच, आन् तेबी वाफ निघेस्तोवर. उतरवल्यावर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आन् मोठ्या पातेल्यात नाय, पसरट भांड्यात काढून, कारन खोल पातेलं वरून गार लागतं आन् आत ऊन ऱ्हातं. मी एकदा डबा उघडून हुंगला आणि म्हटलं, "वास तर चांगला येतोय की." त्यांनी डबा माझ्या हातातून काढून घेतला. "नाक लई खोटं बोलतं, सुनिता. घातक जंतूला वास नसतो. वास येतो त्यो बिचारा आधीच सांगून ऱ्हायलेला असतो." आणि सगळ्यांत आवडतं वाक्य म्हणजे, "फ्रीज म्हंजे दवाखाना नाय. गारव्यानं जंतू मरत नाय, झोपतो."

लाइट गेली की आमच्या जिन्यात पहिला आवाज त्यांचा. "दारं उघडू नका गं." पाहुण्याला वाटावं इमारतीत चोर शिरला. बाई फ्रीजच्या दारांबद्दल बोलत असायच्या. दार बंद असलं तर चार तास निभतं, उघडलं की गेलं. एकदा उन्हाळ्यात सकाळी गेलेली लाइट दुपारी तीनला आली, तर बाई प्रत्येक दारावर थाप मारून कुणाचं काय काय टाकायचं ते सांगून आल्या. आम्ही मान डोलावली, दार लावलं आणि सगळं जेवलो. काही झालं नाही. काही झालं नाही ना, की माणसाला फार अक्कल येते.

श्रावणातल्या शिळासप्तमीला मात्र मला वाटलं, आता ही बाई सापडली. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं गार खायचं, असा रिवाज. मी मुद्दाम विचारलं, "काय बाई, आज शिळं खाणार ना?" बाईंनी डबा उघडून दाखवला. ताज्या दशम्या, दही, कोरडी चटणी. "पहाटं चारला केलं," त्या म्हणाल्या. "सूर्य उगवस्तोवर कालचाच दिवस असतो. शितळादेवीबी खूश, मीबी खूश." देवीलाही नियमात बसवून मोकळ्या.

आमच्या तळमजल्यावर रेहाना आपा राहायच्या. आपा डबे करायच्या, पुंडलिकनगरच्या खोल्यांमध्ये राहून परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या पोरांना. चाळीसेक डबे. त्यांच्या मियाँचे गुडघे गेल्यापासून ते घरीच असायचे, मुलगी कॉलेजात, आणि घर चालायचं ते त्या डब्यांवर. इमारतीत बाईंचा कायदा मनापासून पाळणारं एकच घर होतं, ते आपांचं. आपा म्हणायच्या, "बाई बोलते तो सुनने का. मेरे डब्बे से आजतक एक पोट्टे का पेट नै दुखा." ईदचा शीरखुर्मा वर यायचा, कधी नान-खलिया यायचा. बाई आधी नमुना काढायच्या, मग जेवायच्या. आपांना त्याचं काही वाटायचं नाही. वाटी परत जाताना रिकामी जायची नाही, हे दोघींचंही होतं. बाईंकडून जाताना तिच्यात धपाटे, निदान शेंगदाण्याची चटणी. आपांकडून येताना खीर. एकेक वाटी वर्षानुवर्षं जिन्यात वरखाली करत होती, आणि ती मूळची कुणाची हे दोघींनाही आठवत नव्हतं.

आता त्या भंडाऱ्याचं सांगते.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मुळेभाऊ. त्यांना त्या वर्षी गणपतीत एकोपा दाखवायचा होता. एकोपा असतो तोवर दाखवावा लागत नाही, पण मुळेभाऊंना त्याचा फोटो पाहिजे होता. म्हणून भंडाऱ्याला आचारी नको, प्रत्येक घरानं एकेक पदार्थ करायचा असं ठरलं. खिरीसाठी मुळेभाऊ स्वतः आपांकडं गेले, "आपा, खीर तुमच्याच हातची" म्हणून गळ घातली. तीनशे माणसांना भात घालणाऱ्या बाईंकडं भात आला. सत्तर माणसांचा भात म्हणजे त्यांना काहीच नव्हतं.

त्यांनी सगळा भात दुपारीच करून ठेवायचं ठरवलं नव्हतं. कोरडा मोकळा भात दुपारी एक घाणा करून बघायचा आणि उरलेला संध्याकाळी, असा बेत होता. पण तांदूळ सगळाच भिजला होता, म्हणून दोन्ही पातेली चढली, आणि भात उतरवला तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं की पाणी आलं.

आमच्याकडं नळाला पाणी येणं हा सणच असतो. फरक एवढाच की सणाची तारीख आधी कळते. पाणी शनिवारी यायचं होतं, आठव्या दिवशी. ते शुक्रवारीच साडेबाराला आलं. बाईंनी पातेल्यांवर झाकणं टाकली, पदर खोचला आणि पाइप घेऊन खाली धावल्या. स्वतःचे ड्रम भरले. मी शाळेत शिकवायला गेले होते, माझे भरले. आपा डबे पोचवायला गेल्या होत्या, त्यांचेही भरले. दुसऱ्या मजल्यावरच्या एकट्या आजोबांना तर त्या बादल्यांनी पाणी चढवत होत्या. चारनंतर घरी आल्या, कंबर धरली होती, म्हणून जरा आडव्या झाल्या. उठल्या तेव्हा सव्वासहा वाजले होते.

पातेली अजून कोमट होती. खोल पातेली, वरून झाकण. आपल्या कायद्यात काय लिहिलंय हे त्यांच्याइतकं कुणाला पाठ होतं? दुसऱ्या कुणाचा भात असता तर त्यांनी तो ओटा ओलांडू दिला नसता. पण भात त्यांचा होता, हात त्यांचा होता आणि सत्तर माणसं जेवायला येत होती. त्यांनी खालून जाळ लावला, वाफ निघेस्तोवर गरम केला आणि खाली पाठवला. आणि सवयीनं सातही पदार्थांच्या सात वाट्या भरून, चिकटपट्ट्या लावून, फ्रीजमध्ये ठेवल्या.

सकाळपर्यंत इमारतीतली एकोणीस माणसं ओकून ओकून आडवी झाली होती. त्यात मी, त्यात खुद्द बाई. आजोबांना सलाइन लागलं. कुणाचं जिवावर बेतलं नाही, दुपारपर्यंत बहुतेक जण उठून बसले, आणि उठून बसल्याबरोबर कुणामुळं झालं हे शोधायला लागले. एवढी ताकद लगेच येते.

मुळेभाऊ जिन्यात उभे राहून म्हणाले, "दुधाचा पदार्थ होता, नासला असणार. शिवाय..."

तो 'शिवाय' त्यांनी पुरा केला नाही. आम्ही सगळ्यांनी तो मनातल्या मनात पुरा केला. मीही केला. आज सांगताना लाज वाटते. त्या शीरखुर्म्याच्या वाट्या मी सात वर्षं चाटूनपुसून खाल्ल्या होत्या, आणि एका उलटीत मला सगळं संशयास्पद वाटायला लागलं.

बातमी पुंडलिकनगरला जायला वेळ लागला नाही. मुळेभाऊंचा पुतण्या तिथंच एका खोलीत राहायचा. दुसऱ्या दिवशी नऊ डबे बंद झाले, तिसऱ्या दिवशी आणखी सात. आपा दारात उभ्या असायच्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्याकडं बघायच्या. कुणी थांबत नव्हतं. मीही मोबाइल कानाला लावून गेले. मोबाइल बंद होता.

गायकेबाई दोन दिवस दाराबाहेर पडल्या नाहीत. मग वही घेऊन निघाल्या. प्रत्येक घरी तेच तीन प्रश्न. काय काय खाल्लं, किती खाल्लं, किती वाजता सुरू झालं. आमच्याकडं आल्या तेव्हा हे सोफ्यावर पेपर वाचत बसले होते, ठणठणीत.

"तुम्हाला काहीच झालं नाय?" बाईंनी विचारलं.

"मी पथ्यावर," हे म्हणाले. "भाताला शिवलोसुद्धा नाही."

"आन् खीर?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ह्यांच्याकडं बघत होतेच.

"थोडी," हे म्हणाले.

"थोडी म्हंजी किती वाट्या?"

"तीन."

बाईंनी वहीत लिहून घेतलं. पुढं महिनाभर आमच्या घरात त्या तीन वाट्यांवर जे रामायण झालं ते वेगळं, पण त्या वेळी मला एकदम लख्ख कळलं. तळमजल्यावरच्या तीन पोरांनीही नुसती खीरच ओरपली होती, आणि ती अंगणात खेळत होती.

बाई मला त्यांच्या घरी घेऊन गेल्या. फ्रीज उघडला. सात वाट्या रांगेनं. त्यातली एक काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "वाच."

मी वाचलं. भात. गायके. उतरवला बारा वीस. वाटी आठ पाच.

"किती तास झाले?"

"पावणेआठ," मी म्हटलं.

"त्यातले सहा तास कोमट पातेल्यात. मग जाळ लावला. जाळानं जंतू मरतो, सुनिता. त्यानं आधीच सोडलेलं इख मरत नाय. हे मी अठ्ठावीस वरीस पोरींना शिकवलं."

मी वाटी धरून उभी होते. पट्टी ओली झाली होती, नखानं निघाली असती. मी म्हटलं, "बाई, हे कुणाला कळायची काही गरज नाही. लोक चार दिवसांत विसरतील."

त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, त्या नजरेनं त्यांनी आमच्या रविवारच्या मटणाकडं बघितलं होतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना पार्किंगमध्ये बोलावलं. हातात वही आणि ती वाटी. लांबण लावली नाही. "भात माझा व्हता. दुपारी उतरवला, रात्री वाढला. खिरीनं कुनाला काय झालेलं नाय, हे बघा लिवलंय. आजोबांच्या सलाइनचं पाप माझ्या माथी हाय, आपाच्या नाय."

मुळेभाऊंचा चेहरा पडला आणि मग लगेच मऊ झाला. "जाऊ द्या हो बाई. एवढं मनाला लावून घेऊ नका. कुणाच्याही हातून होतं."

बाईंनी चष्मा काढला. "दोन दिस आपाचं नाव घेत व्हता तव्हा कुनाच्याबी हातून हे आठवलं नाय व्हय तुम्हाला?"

मुळेभाऊंना एकदम कुणाचा तरी फोन आला.

आपा जिन्याच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि आत निघून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून बाई आठवडाभर आपांच्या मुलीबरोबर डब्यांच्या पिशव्या घेऊन पुंडलिकनगरला जात होत्या. आपल्या दुखऱ्या गुडघ्यांनी तीन-तीन मजले चढून, बंद झालेल्या प्रत्येक खोलीचं दार वाजवून सांगायच्या, "पोरा, भात माझा व्हता. आपाचा डबा चालू कर." सोळातले अकरा डबे परत आले. पाच आले नाहीत.

मला वाटलं, मिटलं. बाईंनी आपांकडं वाटीत तिळाची चटणी पाठवली. वाटी दुसऱ्या दिवशी परत आली. स्वच्छ घासलेली, पुसलेली, रिकामी. बाईंनी तिच्यात बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "चांगली धुतलीय." त्यानंतर जाताना वाटी भरलेली आणि येताना रिकामी, असं दीड-दोन वर्षं चाललं. ईदला शीरखुर्मा आमच्याकडं आला, समोरच्या दारी गेला नाही.

मी एकदा न राहवून आपांना म्हटलं, आता सोडा की, बाईंनी चारचौघांत कबूल केलं.

आपा कांदा चिरत होत्या. "भात का मेरेकू कुछ नै, सुनिता. भात किसीका भी बिगडता. पन बाई दो दिन घर में बैठी ना. सबसे पैले वोइच आको बोलना था, आपा की खीर में कुछ नै. दो दिन कायकू लगे?"

हे मी बाईंना सांगितलं नव्हतं. पण एकदा माझा पाय मुरगळला म्हणून मी बर्फ मागायला त्यांच्याकडं गेले. बाई देवपूजा करत होत्या, म्हणाल्या, घे तुझ्या हातानं. मी बर्फाचा कप्पा उघडला तर मागं, बर्फात रुतलेली एक वाटी. पट्टीवरची शाई फिकी झालेली, पण वाचता येत होती. भात. गायके. बारा वीस.

ज्या घरात कोथिंबिरीलाही चौथा दिवस माफ नव्हता, त्या घरात ती वाटी दीड वर्ष होती. मी बाईंकडं बघितलं. त्यांनी घंटी खाली ठेवली.

"मला पहिल्याच सकाळी कळलं व्हतं," त्या म्हणाल्या. "पहिल्याच उलटीला. आपला भात आपल्याला कळतो. तरीबी दोन दिस बसले. आन् मग ती वही घेऊन फिरले ना, ती आपासाठी नाय फिरले. खिरीवर येतंय का बघत व्हते." मग म्हणाल्या, "ते राहू दे तिथं. झाक दार, लाइट जाते."

गेल्या उन्हाळ्यात मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. मोतीबिंदू, गुडघे, एकटं राहणं आता नको. सामान फार नव्हतंच. फ्रीज पुण्याच्या घरात मावणार नव्हता. बाईंनी मुलाला सांगितलं, खाली आपाला दे, डब्याच्या कामाला येईल. मुलगा सांगून आला. आपा हो म्हणाल्या, पण वर आल्या नाहीत. निघायच्या दिवशी सकाळी मात्र आल्या, फ्रीज न्यायला दोन माणसं घेऊन.

बाई खोलीच्या मधोमध पिशवी धरून उभ्या होत्या. भिंतीवर घड्याळाच्या जागी गोल पांढरा डाग. आपांनी फ्रीज आतून बघितला, कप्पे हलवून बघितले. मग बर्फाचा कप्पा उघडला.

"तेवढी वाटी माझी हाय," बाई घाईनं म्हणाल्या.

आपांनी ती उपसून काढली. पट्टीवरचा बर्फ अंगठ्यानं पुसला. डब्यांवर नावं लिहून लिहून आपांना मराठी चांगलं वाचता येतं. त्यांनी वाचलं. बराच वेळ वाचलं, खरं तर तिथं दोनच ओळी होत्या.

"दो बरस का भात, बाई," त्या म्हणाल्या. "भात एक दिन बोलते थे ना तुम."

बाईंनी पिशवीची गाठ सोडली आणि पुन्हा मारली. मला कुठं बघावं कळेना.

आपा वाटी घेऊन खाली गेल्या. माणसांनी फ्रीज उतरवला. मुलगा दोनदा घड्याळ बघून गेला, गाडीवाला हॉर्न देऊन गेला. बाई हलल्या नाहीत. पाऊण तासानं आपा वर आल्या. तीच वाटी, घासलेली, वर झाकण आणि झाकणावर कोरी चिकटपट्टी. खीर. रेहाना. साडेदहा.

बाईंनी झाकण काढलं. वाफ चष्म्यावर आली. त्या सामानाच्या खोक्यावर बसल्या आणि खायला लागल्या. मुलगा म्हणाला, "आई, डब्यात घे ना, गाडीत खा." बाईंनी मान हलवली. मी सवयीनं वाट बघत होते, आता पहिला चमचा बाजूला काढतील, छोटं झाकण मागतील. त्यांनी पहिला चमचा खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि मग बोटानं वाटी निपटली.

आपा दाराला टेकून बघत होत्या. "नमुना नै निकाले?" त्यांनी विचारलं.

"नाय," बाई म्हणाल्या. "तुझी हाय."

मग त्यांनी पिशवीत हात घालून चाचपलं. वाटेत खायला केलेल्या दशम्यांची पुरचुंडी निघाली. त्यातली एक मोडून त्यांनी वाटीत ठेवली आणि वाटी आपांच्या हातात दिली.